लहान शिडाच्या नौकेवरचं टॉयलेट: निवड, बसवणी आणि निगा

केबिनवाली वीस-पंचवीस फुटी शिडाची नौका घेतली की शिडं, दोर, नांगर, व्हीएचएफ रेडिओ यांवर महिनोन्महिने चर्चा होते. टॉयलेटचा विषय निघतो तो घरची मंडळी पहिल्यांदा सोबत यायची असतात तेव्हा. गेटवेसमोरच्या मुरिंगवरून (नौका पाण्यात बांधून ठेवायच्या कायमच्या जागेवरून) मांडव्याला जाऊन यायचं तर सकाळी आवरून निघता येतं. पण मुरुडला किंवा दिघीला रात्री नांगर टाकून राहायचं असेल, तर सोय लागतेच. ती नसली की सोबतच्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात आणि एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. पुरुष कठड्याला धरून एका हाताने काम उरकतात. रात्री, लाटेत, लाइफजॅकेट न घालता असं उभं राहणं म्हणजे पाण्यात पडण्याची हमखास वाट आहे. म्हणून टॉयलेटचा खर्च मी लाइफजॅकेटच्याच यादीत धरतो.

आधी ठरवा: रिकामं कुठे करणार?

दुकानात किंवा कॅटलॉगमध्ये आपण सीट, पंप, रंग बघतो. निवड मात्र या एका प्रश्नावर व्हायला हवी. मैला नौकेतून बाहेर कुठे जाणार, हे ठरलं की कोणतं टॉयलेट घ्यायचं हे जवळजवळ आपोआप ठरतं.

मोठ्या जहाजांसाठी मारपोल या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट आहे. ते २००३ पासून लागू आहे आणि ४०० टनांवरच्या किंवा १५ पेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांना बांधील आहे. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना आणि साठवलेला असेल तर हळूहळू सोडायचा. बारीक करून निर्जंतुक केलेला असेल तर ३ मैलांच्या पलीकडे. आपली नौका या व्याख्येत बसत नाही. तरी हे आकडे मनाशी पक्के धरावेत, कारण त्यामागचं कारण आपल्यालाही लागू आहे. खाडीत ओहोटीला बायका तिसऱ्या, शिवल्या, कालवं असे शिंपले काढतात. हे जीव पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात आणि तिथून कुणाच्या तरी ताटात जातात. ओहोटीबरोबर बाहेर गेलेलं पाणी पुढच्या भरतीला बऱ्यापैकी परतही येतं, म्हणून ‘ओहोटीला सोडलं की गेलं’ या समजुतीवर विसंबू नका. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे नांगर टाकून पंप मारणं तर मनातही आणू नये.

आता आपला प्रवास बघा. कोकण किनाऱ्याने खाली जाताना लहान नौका सहसा किनाऱ्याला समांतर, काही मैल अंतर राखून जाते. १२ मैलांची रेषा वाटेत येतच नाही. मुद्दाम तिथे जायचं तर चार-पाच नॉटने जायला अडीच-तीन तास आणि यायला तेवढेच. शनिवार-रविवारच्या फेरीत हे कुणी करत नाही. परदेशातल्या मरिनात असते तशी पंप-आउटची, म्हणजे टाकीतला मैला पंपाने ओढून घेण्याची, सोय मुरिंगवर मिळेल, असं धरूनही चालता येत नाही. मग उरतं काय, तर मैला सोबत घेऊन परत येणं आणि जमिनीवरच्या संडासात रिकामा करणं. पवना किंवा खडकवासल्यासारख्या जलाशयात नौका असेल तर दुसरा पर्यायच नाही. ते पिण्याचं पाणी आहे.

परदेशात नौका ठेवणाऱ्या मराठी वाचकांनी तिथला नियम बघावा. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही. स्वीडनमध्ये १ एप्रिल २०१५ पासून हौशी नौकांना मैला पाण्यात सोडायला बंदी आहे.

हिशेब लिटरमध्ये करा

एका माणसाची दिवसाची लघवी साधारण दीड लिटर, शौच पाव ते अर्धा किलो. टॉयलेटला दिवसातून पाच-सहा वेळा जाणं झालं आणि पोर्टेबलमध्ये दर वेळी पाव लिटर पाणी सोडलं, तर आणखी दीड लिटर. आपल्याकडे धुवायला पाणी लागतं. काटकसरीने वापरलं तरी लिटरभर. म्हणजे माणशी दिवसाला सव्वाचार लिटर. दोन माणसं, दोन दिवस: १७ लिटर. पंपाच्या टॉयलेटमध्ये एका वेळेला लिटर-दीड लिटर समुद्राचं पाणी जातं, त्यामुळे तिथे माणशी दिवसाला ८ ते १० लिटर धरा.

हे आकडे घेऊनच पर्याय बघू.

झाकणाची बादली: १८-२० फुटी नौकेवर, दिवसाच्या फेरीला, हा खरोखरच उपयोगी पर्याय आहे. घट्ट झाकणाची बादली, आत जाड पिशवी, पिशवीत कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा. मुक्कामी फेरीला मात्र ती पुरत नाही.

पोर्टेबल टॉयलेट: दोन डबे एकावर एक. वरच्यात सीट आणि स्वच्छ पाणी, खालच्यात मैला, मध्ये सरकती झडप. थेटफोर्डच्या पोर्टा पॉटीची दोन मापं जगभर वापरात आहेत: ३३५ या मॉडेलची खालची टाकी १० लिटरची आणि उंची सुमारे ३१ सेंटिमीटर, तर ३६५ची टाकी २१ लिटरची आणि उंची सुमारे ४१ सेंटिमीटर. वरचा हिशेब लावला तर १० लिटरची टाकी दोघांना एक दिवसच पुरते आणि २१ लिटरची शनिवार-रविवार. जागा असेल तर मोठीच घ्या. फक्त भरलेली २१ लिटरची टाकी वीस किलोंच्या वर जाते. ती डिंगीत (छोट्या होडीत) उतरवून, ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून वर न्यायची आहे, हे आधी मनात आणा. दोन माणसं लागतात. लघवीसाठी वेगळी घट्ट झाकणाची बाटली ठेवली तर टाकी दुप्पट टिकते.

कोरडं टॉयलेट: लघवी पुढच्या बाटलीत, शौच मागच्या डब्यात कोकोपीटमध्ये. दोन्ही वेगळे राहिले की वास फारच कमी येतो, कारण दुर्गंधी मुख्यतः दोन्ही एकत्र मिसळल्यामुळे सुटते. नौकेच्या तळाला भोक नाही, पाणी लागत नाही, कोकोपीट आपल्याकडे कोणत्याही रोपवाटिकेत मिळतं. अडचण एकच आणि ती मोठी आहे: धुण्याचं पाणी. मागच्या डब्यात रोज पाणी पडलं की कोकोपीट चिखल होतं आणि सगळा फायदा जातो. आधी कागदाने पुसून मग वेगळ्या टबात धुवायची तयारी सगळ्यांची असेल तर हे उत्तम टॉयलेट आहे. घरच्यांना ते जमणार नसेल तर आग्रह धरू नका. आणखी एक गोष्ट: डब्यातून निघणाऱ्या मालाला विक्रेते कंपोस्ट म्हणतात, पण काही आठवड्यांत तो सुरक्षित होत नाही. जमिनीवर झाकून वर्षभर मुरू द्यावा आणि तरीही भाजीपाल्याला घालू नये.

पंपाचं टॉयलेट आणि साठवण टाकी: २६ फुटांपुढच्या, लांबच्या फेऱ्यांच्या नौकेसाठी. यात धुण्याचं पाणी हरकतीचं नाही. उलट कागद जात नसल्याने पंप कमी तुंबतो. पण तळाला भोकं, नळ्या, झडपा, टाकी असं सगळं येतं. टाकीविना थेट समुद्रात सोडणारं टॉयलेट आजही विकलं जातं. ते बसवू नका. विजेवर चालणाऱ्या टॉयलेटला लहान नौकेची बॅटरी आणि वायरिंग क्वचितच पुरतं, म्हणून ते इथे सोडून देतो.

माझं मत स्पष्ट आहे. २५ फुटांपर्यंत पोर्टेबल घ्यावं, नीट बसवावं आणि उरलेले पैसे चांगल्या शिडाला लावावेत.

जागा आणि पोर्टेबलची बसवणी

पुठ्ठ्याचं खोकं टॉयलेटच्या मापाचं कापा आणि नौकेत ठेवून त्यावर खरोखर बसून बघा. सीटपासून छतापर्यंत ९० सेंटिमीटर, खांद्यांना ६० आणि गुडघ्यांपुढे ४५ ते ५० मिळाले तर बरं. पायऱ्यांखाली किंवा पुढच्या व्ही-बर्थच्या (नौकेच्या टोकाशी व्ही आकारात असलेल्या झोपायच्या जागेच्या) मध्ये ही जागा सापडते. पायऱ्यांजवळ लाटांचा झोका कमी बसतो. नाळेकडे (नौकेच्या पुढच्या टोकाकडे) आडोसा जास्त मिळतो पण नौका आपटत असेल तर तिथे बसवत नाही. तोंड नाळेकडे किंवा पिछाडीकडे असावं. आडवं बसवलं तर एका टॅकवर (वारा एका बाजूने घेऊन नौका कललेली असताना) माणूस पुढे फेकला जातो. दोन्ही बाजूंना टेकायला काहीतरी, पायांना अडकण आणि हाताशी भक्कम कडी हवी. पुरुषांनीही बसूनच वापरायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

१२ मिलिमीटर मरीन प्लायचा पाट कापा. सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद करून घ्या, कारण प्लाय फुगतो तो कडेकडून. पाट तळाच्या फायबरग्लासला इपॉक्सी आणि ग्लास-मॅटने चिकटवा. केबिनच्या तळात स्क्रू मारायचेच असतील तर खाली काय आहे ते पाहून मारा. कित्येक नौकांत तिथून पाण्याची टाकी किंवा वायरी जातात. टॉयलेटच्या कंपनीच्या क्लिपा मिळतात, त्या ३१६ स्टेनलेसच्या बोल्टने पाटाला आवळा. मग दोन्ही हातांनी टॉयलेट वर, पुढे आणि बाजूला जोर लावून ओढा. भरलेलं टॉयलेट पंचवीस किलोंच्या आसपास असतं आणि नौका कलली की ते केबिनभर फिरू शकतं. हलत असेल तर पट्टा घाला.

वापराची एक गोष्ट सगळ्यांना सांगा. एप्रिल-मेच्या उकाड्यात खालच्या टाकीत वायू साठतो. झडप एकदम उघडली तर शिंतोडे वर उडतात. आधी झाकण लावून झडप किंचित सरकवा, दाब सुटू द्या, मग पूर्ण उघडा. ओतताना टाकीचं हवेचं बटण दाबून धरा म्हणजे धार एकसारखी पडते. निळी रसायनं सेप्टिक टँकमधले जिवाणू मारू शकतात. क्लबात किंवा घरी सेप्टिक टँक असेल तर त्यासाठी चालतं असं बाटलीवर लिहिलेलंच घ्या.

पंप आणि टाकी: कामाचा क्रम

हे काम नौका जमिनीवर असतानाच होतं. मे महिन्यात पावसाळ्यासाठी नौका वर काढली की पाऊस लागण्याआधीच्या कोरड्या दिवसांत तळाची भोकं, इपॉक्सी आणि सीलंट उरकून घ्या. जूनच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा थर धरत नाही. नळ्या आणि टाकीचं काम मग ताडपत्रीखाली सावकाश करता येतं.

रचना शक्य तितकी साधी ठेवा. मी सुचवतो ती अशी: टॉयलेटचा पंप मैला थेट वर चढवतो, पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेल्या टाकीत. टाकीच्या तळातून एक नळी खाली सी-कॉकला, म्हणजे तळाच्या भोकावरच्या बंद-उघड झडपेला, जाते. सी-कॉक बंद असेल तेव्हा सगळं टाकीत साठतं; १२ मैलांपलीकडे चालत्या नौकेत तो थोडा उघडला की टाकी स्वतःच्या वजनाने हळूहळू रिकामी होते. वाय-व्हॉल्व्ह (नळीला दोन वाटा देणारी झडप) नाही, दुसरा पंप नाही. टाकीच्या वरून डेकवर ३८ मिलिमीटरची पंप-आउटची तोटी काढा. आज पंप-आउट स्टेशन नसलं तरी हातपंपाने तिथून कॅनमध्ये काढून जमिनीवर नेता येतं आणि कोकण किनाऱ्यावर बहुतेक वेळा हेच करावं लागेल. किनाऱ्याजवळ असताना सी-कॉकचं हँडल तारेने बांधून ठेवा.

दोघांसाठी ४० लिटरची टाकी दोन दिवस पुरते. भरल्यावर ती चाळीस किलोंच्या वर जाते, म्हणून बल्कहेडला (नौकेतल्या आडव्या भिंतीला) लागून, मध्यरेषेजवळ, खालून लाकडी ठोकळे आणि वरून पट्टे. जाड पॉलिथिनची टाकी घ्या. स्टेनलेसची टाकी लघवी आणि खाऱ्या पाण्यामुळे सांध्यांपाशी खाल्ली जाते. हवेची नळी किमान १९ मिलिमीटरची, वरच वर चढत जाणारी, कुठेही झोळ न पडणारी. पावसाळ्यात नौका उभी असताना कुंभारमाशी या नळीच्या तोंडात मातीचं घर करते. तोंडावर जाळी लावा आणि पहिल्या फेरीआधी फुंकून बघा. हवा बंद असताना पंप मारत राहिलं तर टाकी फुगून फुटते.

आता तळाची भोकं. समुद्राचं पाणी आत घेणारं भोक पुढे आणि खोल, मैला सोडणारं मागे. उलटं झालं तर सोडलेलंच परत ओढलं जातं. आत घेणारं भोक मध्यरेषेच्या जवळ ठेवा, नाहीतर एका टॅकवर ते हवेत येईल. आधी आतून ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडून भुशाकडे बघा. निव्वळ फायबरग्लास असेल तर ठीक. मध्ये बाल्सा किंवा फोम निघाला तर कडेचा दोन-तीन सेंटिमीटर गाभा कोरून काढा आणि तिथे घट्ट केलेली इपॉक्सी भरा. ती सुकल्यावरच होल-सॉने पुरं भोक पाडा. हे टाळलं तर पाणी गाभ्यात शिरतं आणि तळ आतून कुजतो.

सी-कॉक कांस्याचा, डीझेडआर (जस्त निघू न देणाऱ्या) पितळेचा किंवा मॅरेलॉन या मजबूत प्लास्टिकचा घ्या. बाजारातला साधा पितळी बॉल व्हॉल्व्ह दिसायला तसाच असतो आणि खूप स्वस्त मिळतो, पण खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं. पितळ गुलाबीसर, ठिसूळ होतं आणि एके दिवशी हँडल फिरवताना हातात येतं. पाण्याच्या पातळीखाली तो नकोच. आटे जुळतात का हेही बघा: थ्रू-हलचे (तळाच्या भोकात बसणाऱ्या नळकांड्याचे) आटे सरळ आणि व्हॉल्व्हचे निमुळते असतील तर दोन-तीन फेऱ्यांतच अडकतात आणि घट्ट बसल्याचा भास होतो. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच आट्याचे घ्या. आतून प्लाय किंवा ग्लास-इपॉक्सीची जाड चकती, पॉलियुरेथेन मरीन सीलंट सगळीकडून बाहेर येईल इतकं, मग आवळा. मॅरेलॉनसाठी चालेल तेच सीलंट वापरा. ते डब्यावर लिहिलेलं असतं.

नळ्या: आत घेणारी बहुधा १९ मिलिमीटर, मैल्याची ३८. मैल्याची नळी सॅनिटेशन होज म्हणूनच विकली जाणारी घ्या. साध्या पाइपच्या भिंतीतून काही महिन्यांत वास बाहेर झिरपतो. जुन्या नौकेत वास कुठून येतो हे शोधायचं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर गुंडाळा, थोड्या वेळाने काढून हुंगा. फडक्याला वास लागला तर ती नळी बदलायची. बसवताना टोक कढत पाण्यात बुडवून मऊ करा, साबणाचं पाणी लावा, तेल नको. पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला ३१६ स्टेनलेसचे दोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॉयलेटचं भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल, किंवा नौका कलल्यावर खाली जात असेल, तर सायफनने समुद्र भांड्यातून आत येतो आणि रात्रभरात नौका बुडू शकते. उपाय म्हणजे सायफन तोडणारा लूप: नळी वर नेऊन उलट्या यू आकारात वळवायची आणि माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप. हा माथा नौका पूर्ण कललेली असतानाही पाण्याच्या पातळीच्या किमान २० सेंटिमीटर वर राहायला हवा. नळी बाजूच्या भिंतीला लागून असेल तर कलल्यावर ती उंची झपाट्याने कमी होते, तेव्हा मोजताना कलतीचा कोन धरा. हातपंपाच्या टॉयलेटमध्ये पाण्याचा लूप पंप आणि भांडं यांच्या मध्ये लागतो. तो पंपाच्या आधी घातला तर पंप हवा ओढतो. टाकीकडे जाणारी नळी टाकीच्या माथ्यातून आत सोडा. लूप आहे म्हणून सी-कॉक उघडा ठेवायचा नाही. वापर झाला की आत घेणारा सी-कॉक बंद, दर वेळी. प्रत्येक सी-कॉकला त्याच मापाची निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा, तो तुटला तर भोकात ठोकायला.

चाचणी आणि निगा

जमिनीवर असतानाच भांड्यात बादलीने गोडं पाणी ओता, टाकी पूर्ण भरेपर्यंत पंप मारा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. टाकी भरलेली ठेवून एक रात्र जाऊ द्या. पाण्यात उतरवल्यावर क्रेनचे पट्टे सैल करायच्या आधी एकेक सी-कॉक उघडून पुन्हा टिश्यू फिरवा. ओला झाला तर नौका तशीच वर घेता येते.

मुंबई बंदराचं पाणी गढूळ आहे आणि तो गाळ पंपाची सिलं झिजवतो. फेरी संपताना आत घेणारा सी-कॉक बंद करा, त्यावरून नळी सोडवून तिचं टोक गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दोन-तीन लिटर पाणी ओढलं जाईपर्यंत पंप मारा. यामुळे दुसराही त्रास टळतो: आत घेणाऱ्या नळीत अडकलेले सूक्ष्मजीव मरून कुजतात आणि आठवड्यानंतर पहिल्या पंपाला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास मैल्याचा नसतो. पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र टॉयलेटला कधीही जोडू नका.

लघवी आणि खारं पाणी मिळून मैल्याच्या नळीत चुन्यासारखा थर चढतो. महिन्यातून एकदा व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी रात्रभर राहू दिलं तर तो पातळ राहतो. ब्लीच रबराला मारक आहे, आणि ॲसिडबरोबर मिसळला तर विषारी वायू सुटतो. पंप जड वाटला तर चमचाभर खाद्यतेल. पंपानंतरची चोचीसारखी रबरी झडप, जोकर व्हॉल्व्ह, दर वर्षी बदला. मैला भांड्यात मागे येऊ लागला की तीच गेलेली असते. ती झडप आणि सिलांचा संच नौकेवर डबाबंद ठेवा, सोबत रबरी हातमोजे आणि योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर. हे सुटे भाग मालवणला किंवा जयगडला मिळणार नाहीत, निघतानाच सोबत हवेत.